भीतीची रेखाटने : अमेरिकी ॲनिमेशन मालिकांमधील भयपटांचे विडंबन

भयपटाचे विडंबन करू पाहणाऱ्या कलाकृतीपुढे पहिल्यापासूनच एक पेच असतो. ज्या भीतीची थट्टा करायची ती भीती आधी प्रेक्षकाच्या मनात थोडी तरी जागी व्हावी लागते. ती जागी झालीच नाही तर थट्टेला आधार उरत नाही, आणि पुरती जागी झाली तर हसू फुटत नाही. प्रेमपटाच्या विडंबनाला ही अडचण इतकी जाचत नाही, कारण पडद्यावरच्या प्रेमावर काडीचाही विश्वास नसलेला प्रेक्षकसुद्धा नायक-नायिकेच्या लाडिक संवादांना मनमुराद हसू शकतो. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिकांनी, आणि त्यांतही १९८९ पासून सुरू असलेल्या 'द सिम्पसन्स' या मालिकेने, हा पेच ज्या रीतीने हाताळला तिचा गंभीरपणे विचार व्हायला हवा, कारण त्यातून विनोदाविषयी जेवढे कळते त्याहून अधिक भयपटाच्या घडणीविषयी कळते. ही विडंबने जेव्हा खरोखर साधतात तेव्हा ती रेखाटनातून केलेली चित्रपटसमीक्षा असते, हे येथील विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे. आणि जेव्हा ती फसतात तेव्हा मूळ चित्रपट बारकाईने पाहण्याचे कष्ट विडंबनकाराने सोडून दिलेले असतात.

विडंबन ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. केशवकुमार या नावाने प्रल्हाद केशव अत्रे यांनी लिहिलेल्या 'झेंडूची फुले' या संग्रहाने ती मराठीत रुजवली, आणि त्या संग्रहाचे सामर्थ्य अत्र्यांना समकालीन कवींच्या लकबी, वृत्ते आणि शब्दकळा त्या कवींइतक्याच अवगत असण्यात होते. लिंडा हचन या कॅनडातील अभ्यासिकेने १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विडंबनाची जी व्याख्या केली तिचा आशयही यापासून दूर नाही: विडंबन म्हणजे पुनरावृत्ती, पण मूळ कृतीपासूनचे अंतर जाणीवपूर्वक राखणारी, आणि त्या अंतरात भाष्य करणारी. उपहासाचा रोख समाजातील दोषांवर असतो, विडंबनाचा रोख दुसऱ्या कलाकृतीच्या रूपावर असतो, आणि या दोहोंपासून निव्वळ उल्लेख वेगळा काढावा लागतो. एखादे पात्र हॉकीपटूचा मुखवटा घालून क्षणभर पडद्यावर येऊन गेले, प्रेक्षकाने त्याला ओळखले आणि ओळखल्याच्या आनंदात तो हसला, एवढ्याने विडंबन सिद्ध होत नाही. हा भेद पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

भय आणि हास्य यांच्या नात्याचा विचार भारतीय साहित्यशास्त्रात फार जुना आहे. भरताने शृंगारापासून हास्य आणि बीभत्सापासून भयानक रस उद्भवतो असे सांगितले, शृंगाराचे अनुकरण म्हणजे हास्य असेही सुचवले, आणि अभिनवगुप्ताने त्याचा विस्तार करताना कोणत्याही रसाचा आभास, म्हणजे त्या रसाची अस्थानी किंवा अनुचित योजना, हास्याला कारण होऊ शकते अशी भूमिका घेतली. या भूमिकेनुसार भयानकाचा आभास हाही हास्याचा एक झरा ठरतो. अगदी वेगळ्या परंपरेतून आलेले अमेरिकी तत्त्वचिंतक नोएल कॅरोल यांनी १९९९ मध्ये एका निबंधात जवळपास याच प्रश्नाला हात घातला. त्यांच्या मते भयपटातील राक्षस आणि विदूषक हे दोघेही रूढ वर्गवारीत न बसणारे प्राणी असतात: मेलेला पण चालणारा, माणूस पण लांडगा, किंवा माणूस पण फुगीर बुटांचा, लाल नाकाचा आणि मार खाऊनही इजा न होणारा. दोघांत फरक पडतो तो धोक्याने. जो प्राणी इजा करू शकतो तो भीतिदायक आणि जो करू शकत नाही तो विनोदी, आणि म्हणून धोका काढून घेतला की एकाचे रूपांतर दुसऱ्यात होते. ही मांडणी पटण्याजोगी आहे, मात्र ती विडंबनाला फार सोपे करून टाकते. कारण ज्या विडंबनांची चर्चा येथे करायची आहे त्यांतील बहुतेकांमध्ये धोका काढून घेतलेला नसतो, तो दुसरीकडे हलवलेला असतो.

ॲनिमेशन मालिकांच्याही बऱ्याच आधी भयकथेच्या पाठोपाठ तिचे विडंबन आले होते. होरेस वॉल्पोल यांच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या १७६४ च्या कादंबरीने इंग्रजीत गॉथिक कथेचा, म्हणजे पडके वाडे, भुयारे, शाप आणि दडवलेली पापे यांच्या कथेचा पायंडा पाडला, आणि १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त जेन ऑस्टिन यांनी अशा कादंबऱ्या वाचून भारावलेल्या तरुणीला वादळी रात्री एका कपाटातून गूढ हस्तलिखिताऐवजी धोब्याचा हिशेब सापडवून दिला. चित्रपटांतही हेच घडले. युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'पाठोपाठ आलेल्या राक्षसपटांची मालिका १९४८ पर्यंत ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदवीरांच्या हाती आली, आणि १९७४ मध्ये मेल ब्रूक्स यांनी 'यंग फ्रँकेन्स्टाइन' कृष्णधवल चित्रीकरणात काढताना केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी मूळ चित्रपटासाठी बनवलेली प्रयोगशाळेची यंत्रेच वापरली. थट्टा करायची त्या वस्तूचा इतका आदर बाळगणारा दुसरा विडंबनकार सहसा सापडत नाही, आणि त्या चित्रपटाचे टिकाऊपण बहुतांशी या आदरातून आलेले आहे.

दूरचित्रवाणीवरील विडंबनाची पार्श्वभूमी मात्र चित्रपटगृहात शोधून पुरत नाही. १९५७ मध्ये स्क्रीन जेम्स या कंपनीने युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट 'शॉक थिएटर' या नावाखाली स्थानिक वाहिन्यांना विकले, आणि जे चित्रपट वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चित्रपटगृहाच्या अंधारात पाहिले गेले होते ते आता रात्री उशिरा घरच्या दिवाणखान्यात, जाहिरातींच्या तुकड्यांसह दिसू लागले. ते सादर करण्यासाठी वाहिन्यांनी भुतासारखे कपडे केलेले निवेदक नेमले, जे चित्रपटाच्या मध्येच येऊन त्याची टिंगल करत. लॉस एंजेलिसमध्ये १९५४ सालीच 'व्हँपायरा' या पात्राने ही प्रथा सुरू केली होती. १९५९ ते १९६४ या काळात रॉड सर्लिंग यांच्या 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेचे १५६ भाग प्रसारित झाले आणि पुढे अनेक वर्षे त्यांचे पुनःप्रसारण होत राहिले. यामुळे अमेरिकेतील एका पिढीची भयपटाशी ओळख प्रथमपासूनच घरगुती, तुकड्यातुकड्यांची आणि थट्टामिश्रित झाली. पुढे 'द सिम्पसन्स' लिहिणारे लेखक याच वातावरणात वाढलेले होते. त्यांनी विडंबन केले ते पडद्यावरच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चे जितके, तितकेच रात्री अकरानंतर लहान पडद्यावर पाहिलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या आठवणीचे होते, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या विनोदाची जात कळत नाही.

ॲनिमेशनमध्ये भुते पहिल्यापासून होतीच. डिस्नेच्या १९२९ च्या 'द स्केलेटन डान्स'मध्ये सांगाडे एकमेकांच्या फासळ्यांवर ताल धरतात, आणि वॉर्नर ब्रदर्सच्या १९४६ च्या 'हेअर-रेझिंग हेअर'मध्ये चक जोन्स यांनी बग्ज बनी या सशाला एका केसाळ नारिंगी राक्षसासमोर उभे केले. पण हे लघुपट चित्रपटगृहांसाठी होते. घराघरांत पोचलेली पहिली मोठी भयविनोदी ॲनिमेशन मालिका म्हणजे सप्टेंबर १९६९ मध्ये सीबीएस वाहिनीवर आलेली हॅना-बार्बेरा यांची 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!'. लहान मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेविरुद्ध त्या काळात अमेरिकेत पालकांचे मोठे दडपण होते, आणि त्या दडपणातून निघालेला मार्ग असा होता की प्रत्येक भागात भूत दिसावे, पाठलाग व्हावा, आणि शेवटी भुताचा मुखवटा ओढून काढल्यावर आत जमीन किंवा पैसा बळकावू पाहणारा कोणीतरी लोभी माणूस निघावा. ॲन रॅडक्लिफ यांच्यासारख्या अठराव्या शतकातील गॉथिक कादंबरीकारांनीही शेवटी सर्व चमत्कारांचा लौकिक उलगडा करण्याची हीच रीत पाळली होती. भारतात १९९५ पासून कार्टून नेटवर्क दिसू लागल्यावर आणि पुढे त्याचे कार्यक्रम हिंदीतून ऐकू येऊ लागल्यावर ही मालिका महाराष्ट्रातील मुलांच्याही परिचयाची झाली, आणि भूत नसते, भुताच्या नावाने स्वार्थ साधणारा माणूस असतो, ही तिची शिकवण येथील प्रेक्षकाला परकी वाटण्याचे काही कारण नव्हते. तरीही 'स्कूबी-डू' हे पुरते विडंबन नाही. तिला भयपटाची सामग्री हवी असते, पण भयपटाच्या रूपाविषयी तिला फारसे काही म्हणायचे नसते.

ते म्हणण्याची सुरुवात २५ ऑक्टोबर १९९० रोजी झाली. 'द सिम्पसन्स' ही मॅट ग्रोनिंग यांनी निर्माण केलेली आणि जेम्स एल. ब्रूक्स व सॅम सायमन यांच्या साहाय्याने घडवलेली मालिका, स्प्रिंगफील्ड नावाच्या काल्पनिक अमेरिकी गावातील एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाची. अणुवीज प्रकल्पात काम करणारा आळशी, खादाड पण प्रेमळ बाप होमर, सोशिक आई मार्ज, खोडकर मुलगा बार्ट, विचारी मुलगी लिसा आणि तान्ही मॅगी ही तिची मुख्य पात्रे. दुसऱ्या हंगामात हॅलोवीनच्या निमित्ताने, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या सणाच्या निमित्ताने, एक विशेष भाग सादर झाला. त्यात मुले झाडावरच्या लाकडी खोलीत बसून एकमेकांना भीतिकथा सांगतात आणि होमर त्या चोरून ऐकतो. त्यावरूनच या भागाला आणि त्याच्या वार्षिक परंपरेला 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' हे नाव मिळाले. एका भागात तीन स्वतंत्र कथा हा साचा, ज्याचे मूळ ईसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या १९५० च्या दशकातील भीतिकथांच्या चित्रमासिकांत आहे, तेव्हापासून आजवर टिकून आहे. सुरुवातीला मार्ज पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना सावध करते ती कल्पनाही १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या आरंभी नट एडवर्ड व्हॅन स्लोन यांनी दिलेल्या इशाऱ्यावर बेतलेली आहे.

त्या पहिल्याच भागातील तिन्ही कथा या प्रकाराची पूर्ण व्याप्ती दाखवून देतात. पहिल्या कथेत सिम्पसन कुटुंब स्वस्तात मिळालेल्या एका झपाटलेल्या वाड्यात राहायला जाते. भिंतींतून रक्त झिरपते, स्वयंपाकघरात दुसऱ्या मितीत उघडणारे भोक आहे, तळघरात जुने दफनस्थान आहे, आणि 'द ॲमिटीव्हिल हॉरर' (१९७९) व 'पोल्टरगाइस्ट' (१९८२) या चित्रपटांतील बहुतेक सर्व खुणा तेथे हजर आहेत. मूळ चित्रपटांत वाडा कुटुंबाला छळून बाहेर काढतो. येथे मात्र कुटुंबाला वाड्याची सवय होऊ लागते, आणि या लोकांबरोबर राहायचे की स्वतःला संपवायचे असा पर्याय समोर आल्यावर वाडा स्वतःला गिळून नाहीसा होतो. झपाटलेल्या घराच्या कथेत घराला मन असते ही अट लेखकांनी इतक्या प्रामाणिकपणे पाळली की त्या मनाला कंटाळा आणि तिरस्कारही असू शकतो, या निष्कर्षापर्यंत ते पोचले. दुसऱ्या कथेत 'द ट्वायलाइट झोन'च्या १९६२ च्या 'टू सर्व्ह मॅन' या भागाचा आधार आहे. त्यात परोपकारी वाटणारे परग्रहवासी माणसांना आपल्या ग्रहावर नेतात आणि त्यांचा ग्रंथ शेवटी माणसे शिजवण्याचे पाकपुस्तक निघतो. सिम्पसन्समधील परग्रहवासीही कुटुंबाला भरपूर खाऊ घालतात, लिसाला तसेच एक पुस्तक सापडते, त्यावरची धूळ थोडीथोडी झटकली की शीर्षकाचा अर्थ दर वेळी उलटतो, आणि अखेर ते पुस्तक खरोखरच पाहुण्यांसाठी स्वयंपाक करण्याचे निघते. दुखावलेले यजमान कुटुंबाला परत पाठवतात आणि संशयापायी एक सुखाचे जग हातचे जाते. मूळ कथेने प्रेक्षकाला संशय घ्यायला शिकवले होते; या रूपाने त्या शिकवणीचीच परीक्षा घेतली.

तिसरी कथा एडगर ॲलन पो यांच्या १८४५ च्या 'द रेव्हन' या दीर्घ कवितेची आहे, आणि ती या सर्व परंपरेतील सर्वांत धाडसी गोष्ट आहे असे म्हणण्यास हरकत नाही. मूळ कविता जेम्स अर्ल जोन्स यांच्या घनगंभीर आवाजात जवळजवळ जशीच्या तशी वाचली जाते, शोकाकुल प्रियकराच्या जागी होमर आहे, दिवंगत प्रियेच्या चित्रात मार्ज आहे आणि कावळ्याला बार्टचे डोके आहे. विनोदाच्या जागा मोजक्या आहेत. इतक्या कमी विनोदाचा भाग प्रेक्षकांना रुचेल की नाही याची ग्रोनिंग यांना धास्ती होती. ती व्यर्थ ठरली, कारण रेखाटनकारांनी कवितेची लय दृश्यांत उतरवली होती: तिरक्या सावल्या, लांबच लांब होत जाणारा जिना, वरून खाली उतरणारा कॅमेऱ्याचा कोन. अनेक अमेरिकी मुलांना पो प्रथम येथे भेटले, आणि त्यांना भेटलेले पो हास्यास्पद नव्हते. विडंबन मूळ कृतीचे मोल कमी करते ही तक्रार अधूनमधून ऐकू येते, तिच्यासमोर ठेवण्याजोगा याहून सबळ पुरावा क्वचितच सापडेल.

या परंपरेचे शिखर मात्र १९९४ च्या पाचव्या भागात आहे, आणि त्यातही बॉब कुशेल यांनी लिहिलेल्या 'द शिनिंग' या पहिल्या कथेत, जिचे नाव स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९८० च्या 'द शायनिंग'वरून अक्षर वाढवून केलेले आहे. स्टीफन किंग यांच्या १९७७ च्या कादंबरीवरील या चित्रपटात जॅक टॉरन्स हा लेखक हिवाळ्यात बंद असलेल्या डोंगरातील हॉटेलची राखण करायला पत्नी आणि मुलासह जातो, एकांतात वेडा होतो आणि कुऱ्हाड घेऊन त्यांच्या मागे लागतो. वेड कशामुळे येते याचे उत्तर कुब्रिक जाणूनबुजून धूसर ठेवतात: भुते, दारू, अपयश, बापाच्या मनातला जुना राग, यांपैकी काहीही. सिम्पसन्सचे लेखक ते उत्तर निःसंदिग्ध करून टाकतात. होमरला वेड लागते कारण मालक मिस्टर बर्न्स यांनी हॉटेलातील केबल टीव्ही आणि बिअर बंद केलेली असते. हा बदल वरवर पोरकट वाटतो, पण त्यात मूळ चित्रपटाचे मर्म नेमके पकडले आहे: कुटुंबप्रमुखाची शांतता कशावर तरी टेकलेली असते आणि तो टेकू काढला की कुटुंबाला सर्वांत मोठा धोका बाहेरून नसतो. धोका येथे मुळीच कमी झालेला नाही. तो झपाटलेल्या हॉटेलातून नेहमीच्या दिवाणखान्यात आला आहे.

त्याच कथेतील दाराचे दृश्य अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. कुब्रिकच्या चित्रपटात कुऱ्हाडीने फोडलेल्या दारातून डोके आत घालून जॅक जे वाक्य उच्चारतो ते मुळात टीव्हीवरचे आहे; जॉनी कार्सन यांच्या रात्रीच्या लोकप्रिय कार्यक्रमात त्यांचे स्वागत करण्यासाठी त्यांचा सहनिवेदक तसे ओरडत असे. म्हणजे मूळ चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध भयक्षणात घरगुती टीव्हीची एक ओळखीची हाक आधीच मिसळलेली होती आणि त्या क्षणाची विकृती तिच्यामुळेच वाढली होती. होमर दार फोडतो आणि तेच वाक्य म्हणतो, पण खोली रिकामी निघते. दुसरे दार फोडून तो दुसऱ्या निवेदकाचे नाव घेतो, आणि पुढच्या दाराशी एका वृत्तकार्यक्रमाच्या बातमीदारांची सगळी यादी म्हणून दाखवतो. टीव्हीवाचून वेडा झालेला माणूस वेडाच्या भरात टीव्हीचेच बोलतो. कुब्रिकने उसने घेतलेले वाक्य लेखकांनी त्याच्या मूळ घरी परत नेले, आणि हे करताना मूळ दृश्यात काय घडत होते ते अनेक समीक्षकांहून स्पष्टपणे दाखवून दिले.

पुढच्या वर्षीच्या सहाव्या भागात वेस क्रेव्हन यांच्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) या चित्रपटाचे विडंबन आहे. क्रेव्हनच्या कथेत मुलांचा खुनी फ्रेडी क्रूगर कायद्याच्या पळवाटेतून सुटतो, पालक त्याला जाळून मारतात आणि तो मुलांच्या स्वप्नांत शिरून सूड घेतो. भीतीच्या मुळाशी पालकांनी लपवलेले पाप आहे. सिम्पसन्समध्ये फ्रेडीच्या जागी शाळेचा माळी विली आहे. शाळेत पालकसभा चालू असताना तळघरातील बॉयलरच्या आगीत तो पेटतो, जळत जळत सभेत येतो, आणि सभा आपल्या कार्यक्रमपत्रिकेनुसार चालू राहते, कारण त्याच्या बोलण्याची पाळी आलेली नसते. येथे कोणीही खून केलेला नाही. एक माणूस डोळ्यांदेखत जळत असताना सभ्य नागरिकांनी सभेचे नियम पाळले एवढेच. मूळ चित्रपटातील पालक रागावलेले तरी होते. हे विडंबन अपराधाला अधिक ओळखीचे आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारे रूप देते, आणि भयपटात ज्याला सूड म्हणतात त्याला न्यायाची थोडीशी छटा आणते. जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) वर आधारलेल्या १९९२ च्या कथेतही असेच घडते: होमर शेजारी फ्लँडर्सवर गोळी झाडतो, बार्ट त्याने झॉम्बी झालेल्या फ्लँडर्सला मारले म्हणून कौतुक करतो, आणि फ्लँडर्स झॉम्बी झाला होता हे होमरला तेव्हाच कळते. शेजारी राक्षस होतील ही रोमेरोच्या चित्रपटातील भीती. त्यासाठी शेजाऱ्याने आधी मरायला हवे असे नाही, ही त्यावरची टीप.

असे सूक्ष्म काम रेखाटनाच्या माध्यमात का साधते, याचे कारण त्या माध्यमाच्या प्रक्रियेत आहे. चित्रित चित्रपटाच्या चौकटीत बरेच काही योगायोगाने येते. ॲनिमेशनमध्ये कोणीतरी काढल्याशिवाय काहीच येत नाही. संहिता, नटांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, दृश्यफलक, म्हणजे प्रत्येक चित्रचौकटीचे कच्चे आरेखन, मग ती आरेखने आवाजाशी जुळवून केलेली प्राथमिक चित्रफीत, आणि त्यानंतर दक्षिण कोरियातील स्टुडिओंमध्ये होणारे मधल्या रेखाटनांचे व रंगकामाचे काम, अशा टप्प्यांतून सिम्पसन्सचा एक भाग जातो, आणि त्याला अनेक महिने लागतात. नेहमीच्या भागात घर, शाळा, दारूचा गुत्ता यांची तयार रेखाटने पुन्हा वापरता येतात. हॅलोवीनच्या भागात तीन वेगळी जगे नव्याने काढावी लागतात, म्हणून हे भाग करणाऱ्यांसाठी सर्वांत कष्टाचे ठरत आले आहेत. कुब्रिकच्या हॉटेलाचा दालनपथ काढायचा तर त्याचा दृष्टिबिंदू कोठे आहे, रेषा कोठे मिळतात, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे चित्रकाराला ठरवावेच लागते. म्हणजे मूळ दृश्य भीतिदायक का आहे हे त्याला हाताने शोधून काढावे लागते. १९९२ ची किंग काँगची कथा १९३३ च्या चित्रपटाप्रमाणे कृष्णधवल आहे, आणि १९९५ च्या 'होमर क्यूब्ड'मध्ये पॅसिफिक डेटा इमेजेस या संस्थेने होमरला संगणकनिर्मित त्रिमितीत नेले, तेही 'टॉय स्टोरी' चित्रपटगृहांत येण्याच्या काही आठवडे आधी. त्या कथेत मूळ भय, म्हणजे घराच्या भिंतीमागे अनोळखी मिती असण्याचे, प्रत्यक्ष तंत्रात उतरले होते: सपाट रेषांचे पात्र अचानक घनाकार होते, आणि प्रेक्षकालाही ते क्षणभर खरोखर विचित्र वाटते.

संगीताचा वाटा याहून कमी नाही, मात्र त्याची दखल क्वचित घेतली जाते. संगीतकार आल्फ क्लॉसेन यांचे या मालिकेतील पहिले काम हा १९९० चा हॅलोवीन भागच होता, आणि पुढे २०१७ पर्यंत त्यांनी प्रत्यक्ष वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले संगीत दिले. भयपटात भीती डोळ्यांपेक्षा कानातून अधिक शिरते. 'द शायनिंग'च्या संगीतात वेंडी कार्लोस आणि रेचल एल्किंड यांनी मृत्यूविषयीच्या एका मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची धून घेतली होती आणि बार्टोक, लिगेटी, पेंडरेकी यांच्या रचना सोबतीला होत्या. क्लॉसेन यांनी विडंबनासाठी संगीत देताना ते कधी विनोदी केले नाही. दृश्य हास्यास्पद होत असतानाही वाद्यवृंद गंभीरच राहतो, आणि प्रेक्षकाच्या मनात भीतीचा धागा शाबूत ठेवण्याचे काम तोच करतो. आरंभी सांगितलेल्या पेचाची उकल बऱ्याच अंशी या विभागणीत आहे: डोळ्यांना हसू, कानांना धास्ती.

आणखी एक गोष्ट या भागांना सामर्थ्य देते, ती म्हणजे त्यांतील घटना मालिकेच्या नित्य कथानकाबाहेर घडतात. सामान्य भागांत स्प्रिंगफील्डमधील कोणीही वाढत नाही आणि क्वचितच कोणी मरतो. प्रत्येक भागाच्या शेवटी सर्व काही पूर्ववत होते. हॅलोवीनच्या भागात तो करार मोडतो. मुख्य पात्रे मरतात, आई राक्षसीण होते, शिक्षक मुलांना खातात, आणि परिस्थिती पूर्ववत होईल याची हमी नसते. अशा प्रकारे कौटुंबिक विनोदी मालिकेने आपल्याच प्रकाराच्या सुरक्षिततेवर वर्षातून एकदा प्रश्नचिन्ह उभे केले, आणि कॅरोल यांनी ज्याला धोका म्हटले तो परत आणला.

अर्थात ही परंपरा सर्वत्र सारख्या उंचीची नाही आणि ती तशी आहे असे भासवणे तिच्यावरील प्रेमाचे लक्षण ठरणार नाही. दरवर्षी तीन कथा हे ओझे मोठे आहे, आणि नंतरच्या काळात अनेकदा गाजलेल्या नव्या चित्रपटांची आणि मालिकांची नावे, पोशाख आणि एखादे दृश्य उचलून त्यावर नेहमीचे विनोद चढवलेले दिसतात; वर केलेला उल्लेख आणि विडंबन यांतील भेद येथे पुसट होतो. त्यातही २०१३ च्या भागाचे शीर्षकदृश्य दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांनी घडवले तेव्हा उल्लेखांची ती दाट गर्दीच भयपटाच्या इतिहासाचे भित्तिचित्र बनली, आणि २०२२ मध्ये 'इट' या कादंबरीवर बेतलेला एकच पूर्ण लांबीचा भाग केला गेला तेव्हा तीन कथांच्या घाईतून सुटलेल्या लेखकांना पुन्हा पात्रांकडे वळता आले. दोन्ही उदाहरणांत विडंबनकाराने मूळ कृतीला वेळ दिला आहे.

इतर मालिकांनी या वारशाला वेगवेगळी वळणे दिली. 'साउथ पार्क'ने २०१२ मध्ये 'द शायनिंग'कडे पुन्हा पाहिले. दोन वर्षांपूर्वी दिवाळखोरीत गेलेल्या ब्लॉकबस्टर या चित्रफिती भाड्याने देणाऱ्या साखळीचे एक दुकान मालिकेतील रँडी मार्श विकत घेतो, ग्राहक येत नाहीत आणि रिकाम्या फडताळांमध्ये त्याला भुते दिसू लागतात. हॉटेलाच्या जागी दुकान ठेवण्याची ही कल्पना अतिशय समर्पक आहे, कारण भयपट ज्या वस्तूंतून एका पिढीच्या घरी पोचले त्याच वस्तूंचे ते दफनस्थान आहे. 'रिक अँड मॉर्टी'च्या २०१३ च्या एका भागात फ्रेडी क्रूगरसारखा दिसणारा स्केरी टेरी हा स्वप्नातील मारेकरी स्वतःच्या झोपेत शाळेतल्या अपमानाची स्वप्ने पाहून घाबरतो. भिववणाऱ्यालाही भीती असते ही सहानुभूती सिम्पसन्सच्या लेखकांनीही राक्षसांना क्वचित दाखवली होती. जॉन आर. डिलवर्थ यांच्या 'करेज द कावर्डली डॉग' (१९९९–२००२) मध्ये तर विडंबन जवळजवळ मावळते आणि नावाने भित्रा असलेला कुत्रा भीती वाटत असूनही म्हाताऱ्या मालकिणीला वाचवत राहतो. महाराष्ट्रातील ज्या मुलांनी ही मालिका पाहिली त्यांच्यापैकी कित्येकांना तिची दृश्ये मोठेपणीही आठवतात, कारण ती खरोखर भीतिदायक होती.

शेवटी या विषयाच्या अभ्यासकाला एका वस्तुस्थितीशी सामना करावा लागतो. १९९० नंतर वाढलेल्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी विडंबन आधी पाहिले आणि मूळ चित्रपट नंतर, कित्येकांनी तर मूळ चित्रपट कधी पाहिलेच नाहीत. जोनाथन ग्रे यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात सिम्पसन्सच्या विडंबनाकडे प्रेक्षकाला इतर कार्यक्रम वाचायला शिकवणारी गोष्ट म्हणून पाहिले आहे, आणि ही शिकवण कालक्रमाने उलटी चालू शकते ही बाब भयपटाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची ठरते. होमरला आधी पाहिलेला प्रेक्षक जेव्हा कुब्रिकचा चित्रपट प्रथमच पाहतो तेव्हा दाराच्या दृश्यात तो हसतो, आणि थोड्याच वेळात त्याला उमगते की पुढची दारे फोडली जाणार नाहीत, टीव्ही सापडणार नाही, आणि बर्फात पळणारा मुलगा खरोखर एकटा आहे. विडंबनाने त्याला ज्या जागा ओळखून ठेवायला शिकवले होते त्याच जागांवरून तो आता भयाच्या अधिक जवळ जातो, कारण कोठे पाहायचे हे त्याला ठाऊक झालेले असते. म्हणून या भागांचा अभ्यास करताना त्यांच्या मूळ चित्रपटांच्या शेजारी ठेवून, दृश्यामागून दृश्य असा करावा लागतो, आणि कोणते आधी पाहिले याची नोंदही त्या अभ्यासाचा भाग मानावी लागते.